पत्रमोहीम : निवेदनाचा फोटो काढण्याआधी करायची कामे

निवेदन कसे द्यायचे हे कोल्हापुरात कुणाला शिकवावे लागत नाही. दहा-बारा जण जमतात, जिल्हाधिकारी कार्यालयात जातात, निवासी उपजिल्हाधिकाऱ्यांच्या हातात कागद ठेवतात. कागदाला सगळ्यांची बोटे लागलेली असतानाच फोटो निघतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात येतो. कागदाचे पुढे काय झाले हे विचारायला कुणी जात नाही. जाणार तरी कसे, आवक क्रमांकच लिहून घेतलेला नसतो.

कोठडीत मारहाण झालेला तरुण, अडवून ठेवलेले ऊसतोड जोडपे, परदेशातल्या तुरुंगात डांबलेला पत्रकार, अशांसाठीच्या पत्रमोहिमाही लोक याच सवयीने करतात आणि त्या फसतात. आमचा मंगळवार पेठेतला आठ-दहा जणांचा गट काही वर्षे अशी पत्रे लिहितो आहे. खाली लिहिलेल्या चुकांपैकी निम्म्या आम्ही स्वतः केलेल्या आहेत.

पत्र वाचून साहेबाचे मन पाघळते, हा समज आधी काढून टाका. कार्यालयात आलेल्या पत्रावर शिक्का पडतो, त्याला क्रमांक मिळतो, ते कुणाच्या तरी टेबलावर मार्क होते आणि त्या माणसाला त्यावर काहीतरी लिहावे लागते. चाळीस पत्रे म्हणजे चाळीस नोंदी. आत असलेल्या माणसाचे नाव, अटकेची तारीख आणि ठाणे बाहेरच्या चाळीस जणांना तोंडपाठ आहे, एवढे आतल्यांना कळले की वागणूक बदलू शकते. पत्राची ताकद एवढीच आहे, पण ती नोंदीतून येते. म्हणून पुढचा सगळा खटाटोप नोंद नीट व्हावी यासाठी आहे.

## १. पत्राची वेळ आली आहे का, ते आधी ठरवा

आता या क्षणी मारहाण चालू असेल तर पत्र लिहू नका, ११२ ला फोन करा. एखाद्याला उचलून नेले आहे आणि कुठे नेले ते कळत नसेल, तर पहिली फेरी जिल्हा पोलीस नियंत्रण कक्षात मारा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ प्रमाणे अटक केलेल्यांची माहिती तिथे असायला हवी. अटकेनंतर चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर उभे करणे संविधानाच्या अनुच्छेद २२ नेच बंधनकारक केले आहे. प्रवासाचा वेळ त्यात धरत नाहीत. वकील नसेल तर १५१०० या क्रमांकावर किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, त्याची कमाई कितीही असो.

ठाण्यात तक्रारच घेत नसतील तर त्यासाठी मोहीम लागत नाही. त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली तक्रारीचा मजकूर लेखी स्वरूपात, पोस्टाने, थेट पोलीस अधीक्षकांना पाठवता येतो. हे एक पत्र कुटुंबाच्या सहीने आधी जाऊ द्या.

पत्रमोहीम उपयोगी पडते ती या पायऱ्या चढून झाल्यावर: उपचार मिळत नाहीत, चौकशी पुढे सरकत नाही, अर्ज देऊनही पाहणीला कुणी येत नाही. भावकीचा जमिनीचा वाद, बदली, बढती, पगारातली तफावत यांसाठी ती वापरू नका. अशा तक्रारी मानवाधिकार आयोग दारातूनच परत पाठवतो.

सावधान : अडवून ठेवलेल्या मजुरांच्या बाबतीत गाजावाजा आधी आणि पाहणी नंतर असा क्रम झाला, तर टोळी रातोरात दुसऱ्या फडावर हलवली जाते. तहसीलदार जागेवर गेल्यावर तिथे कोप्यांचे, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांचे, वासे तेवढे सापडतात. अशा प्रकरणात पहिला अर्ज गुपचूप, आणि तो दाबून ठेवला असे दिसले तरच मोहीम.

## २. संमती घ्या, तोंडी नको

ही चूक आमच्या अंगाशी आली आहे. जिल्ह्याबाहेरच्या एका गावातल्या तरुणाला ठाण्यात मारल्याचे कळले. त्याच्या मित्राने सगळे सांगितले, आम्ही दोन दिवसांत बावीस पत्रे पाठवली. आईला विचारलेच नव्हते. पत्रे पोहोचल्यावर दोन हवालदार तिच्या घरी जाऊन बसले, "कुणाकुणाला सांगितलंस?" म्हणून. तिने आम्हाला फोन केला तेव्हा ती ओरडली नाही. एवढेच म्हणाली, "दादा, मला विचारायचं होतं." त्यानंतर पत्र गेले नाही, आणि तो तरुण आमच्याशी आजही बोलत नाही.

तेव्हापासून नियम असा: पीडित व्यक्तीची, ती आत असेल तर तिच्या जवळच्या नातेवाइकाची आणि वकील असेल तर वकिलाची संमती, तिन्ही. साध्या कागदावर चार गोष्टी लिहून सही किंवा अंगठा घ्या: नाव वापरायचे का, फोटो वापरायचा का, कोणाकोणाला लिहायचे, आणि थांबा म्हटले की थांबायचे. वकिलाला विचारायचे कारण वेगळे आहे. जामिनाचा अर्ज दोन दिवसांवर असताना आपल्या पत्रातल्या एखाद्या वाक्याने सरकारी वकिलाच्या हातात कोलीत मिळू शकते.

तपासा : कुटुंबातल्या कोणाशी आणि कोणत्या वेळी फोनवर बोलायचे हे ठरले आहे का? सगळ्यांनी सगळ्यांना फोन केले की घरचे लोक मोहिमेलाच कंटाळतात.

## ३. एका पानाचा माहितीचा कागद

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पत्र लिहायला वीस मिनिटे लागतात, हा कागद बनवायला आम्हाला कधी कधी आठवडा लागतो.

कागदावर एवढेच हवे: पूर्ण नाव, वय, गाव, काय घडले, कोणत्या तारखेला, किती वाजता, कुठे, कोणत्या कार्यालयाच्या ताब्यात किंवा हद्दीत, आधी कोणाकडे अर्ज केला, त्याचा आवक क्रमांक, आजची स्थिती, आणि ही स्थिती कोणत्या तारखेची आहे ते. शेवटचे लोक हमखास विसरतात. माणूस सुटून घरी आला आणि पत्रे महिनाभर "त्याला सोडा" म्हणत राहिली, असे झाले की पुढच्या वेळी तुमच्या पत्रांकडे कुणी बघत नाही.

नेमकेपणा म्हणजे काय ते ओडिशातल्या नीलबती बेहेरा यांच्या पत्रावरून शिकावे. १४ सप्टेंबर १९८८ चे ते पत्र सर्वोच्च न्यायालयाला लिहिलेले होते. मुलगा सुमन, वय २२, १ डिसेंबर १९८७ ला पोलिसांनी नेला, दुसऱ्या दिवशी त्याचा मृतदेह रेल्वे रुळांवर सापडला, अंगावर जखमा होत्या. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले आणि १९९३ मध्ये दीड लाख रुपये भरपाई द्यायला लावली. नाव, वय, तारीख, जागा या चार गोष्टी असल्या की पत्राला चौकशी लावता येते. "पोलिसी अत्याचाराने कळस गाठला आहे" या वाक्याला लावता येत नाही.

विशेषणे गाळा. आमच्या वहीतली ही दोन वाक्ये शेजारी ठेवून बघा.

पहिले : "तरुणाला अमानुष, राक्षसी मारहाण करून त्याचे आयुष्य उद्ध्वस्त केले."

दुसरे : "१२ तारखेच्या रात्री ठाण्यात मारहाण झाल्याचे त्याने आईला सांगितले; १३ तारखेच्या सरकारी दवाखान्याच्या कागदावर डाव्या मनगटाचे हाड मोडल्याची नोंद आहे."

दुसऱ्या वाक्याला उत्तर द्यावे लागते. शिवाय त्यात "सांगितले" हा शब्द आहे. आपण डोळ्यांनी पाहिले नाही ते "कुटुंबाने सांगितले", "अर्जात नमूद आहे" असेच लिहायचे. कोणाला थेट गुन्हेगार म्हणायचे नाही. बदनामीचा दावा उलटा आपल्यावर यायला तेवढे पुरते.

जागेचे नाव दोनदा तपासा. "तो कोल्हापूरच्या जेलात आहे" असे सांगतात, पण इथे कळंब्याचे मध्यवर्ती कारागृह आहे आणि बिंदू चौकातले उपकारागृहही आहे. आमची एका खेपेची सगळी पत्रे चुकीच्या दारात गेली आणि तीन आठवड्यांनी परत आली. तोवर माणूस तिसरीकडेच हलवला होता.

तपासा : हा कागद प्रकरण माहीत नसलेल्या शेजाऱ्याला द्या. वाचून झाल्यावर "कोण, कधी, कुठे, कोणाच्या ताब्यात" हे त्याला न बघता सांगता आले पाहिजे.

## ४. पत्ता : कोणाला, आणि कोणाला नाही

"मा. राष्ट्रपती, मा. पंतप्रधान, मा. मुख्यमंत्री" अशी उतरंड लावून एकच पत्र सगळ्यांना पाठवायची आपली जुनी खोड आहे. ते पत्र खाली खाली घरंगळत शेवटी त्याच तालुक्यात येते, दोन महिन्यांनी. त्यापेक्षा पहिल्याच दिवशी विचारा: ही एक गोष्ट करायचा अधिकार कोणाच्या सहीला आहे?

कैद्याच्या औषधपाण्यासाठी कारागृह अधीक्षक. पोलिसांच्या वागणुकीसाठी पोलीस अधीक्षक, त्यांच्यावर कोल्हापूर परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक. वेठबिगारीसाठी जिल्हाधिकारी, कारण १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने ती जबाबदारी जिल्हादंडाधिकाऱ्यांवर टाकली आहे. याच कायद्याच्या कलम ६ ने वेठबिगारीचे कर्ज संपुष्टात येते. म्हणजे वेठबिगारी ठरली की "उचल (आगाऊ दिलेले पैसे) फिटल्याशिवाय सोडणार नाही" या वाक्याला कायद्यात उभे राहायला जागा नाही.

आयोगांबद्दल थोडे सविस्तर, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतात.

राज्य मानवाधिकार आयोग मुंबईत आहे: ९, हजारीमल सोमाणी मार्ग, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर, मुंबई ४००००१. राष्ट्रीय आयोग दिल्लीत: मानव अधिकार भवन, ब्लॉक सी, जीपीओ कॉम्प्लेक्स, आयएनए, नवी दिल्ली ११००२३. राष्ट्रीय आयोगाकडे तक्रारीला फी नाही. मराठीत लिहिली तरी चालते, कारण आठव्या अनुसूचीतली कुठलीही भाषा तिथे चालते. पीडिताच्या वतीने दुसऱ्या कोणालाही तक्रार करता येते. आता फसण्याच्या जागा:

घटनेला एक वर्ष उलटले की आयोग चौकशी करू शकत नाही. मानवाधिकार संरक्षण कायदा, १९९३, कलम ३६. तारीख मोजून ठेवा.

तेच प्रकरण राज्य आयोगापुढे असेल तर राष्ट्रीय आयोग हात लावत नाही. दोन्हीकडे एकदम पाठवणे हा शहाणपणा वाटतो, पण त्याने अडचणच होते. एक निवडा.

मुख्यमंत्र्यांना लिहून खाली "प्रत माहितीसाठी : मानवाधिकार आयोग" असे टाकले, तर ती तक्रार धरलीच जात नाही. आयोगाला स्वतंत्र, आयोगाच्याच नावाने पत्र हवे.

निनावी पत्र, वाचता न येणारे पत्र आणि कोणत्याही सरकारी नोकराचा उल्लेख नसलेले पत्र बाद होते. ऊसतोड प्रकरणात हे फार महत्त्वाचे. नुसते "मुकादमाने पैसे दिले नाहीत" लिहिले तर तो मजुरीचा वाद ठरतो आणि फाइल बंद होते. "अमुक तारखेला तहसील कार्यालयात अर्ज दिला, आजवर पाहणी झाली नाही" हे लिहिले की सरकारी नोकराची हयगय समोर येते.

एक पत्ता मात्र कधीच लिहायचा नाही: ज्या न्यायाधीशांपुढे खटला चालू आहे त्यांचा. "जामीन द्या", "शिक्षा करा" अशी चाळीस पत्रे न्यायाधीशांच्या टेबलावर पडली तर तो अवमान ठरू शकतो आणि त्याची झळ आधी आतल्या माणसाला लागते. पत्रालाच याचिका मानण्याची पद्धत वेगळी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८८ च्या मार्गदर्शक सूचनांत वेठबिगारी, तुरुंगातला छळ, तक्रार नोंदवण्यास पोलिसांचा नकार अशा ठरावीक विषयांची पत्रे त्यासाठी घेतली जातात. ते काम गटाने करायचे नसते, एका माहीतगार वकिलाने करायचे असते. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच बसते, त्यामुळे असा वकील शोधायला आता मुंबईची गाडी पकडावी लागत नाही.

परदेशातल्या प्रकरणात पत्ता आपण शोधायचा नसतो. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल ही मानवाधिकारांसाठी काम करणारी जागतिक संघटना १९७३ पासून 'अर्जंट अ‍ॅक्शन', म्हणजे तातडीने पत्रे लिहिण्याची आवाहने, काढते. संघटनेचे भारतातले काम सप्टेंबर २०२० मध्ये थांबले असले तरी हे कागद कुणालाही वाचता येतात. त्यात कोणाला लिहायचे, काय मागायचे आणि कोणत्या तारखेपर्यंत लिहायचे ते दिलेले असते. ती तारीख उलटली असेल तर लिहू नका. एक पत्र तिथल्या मंत्र्याला आणि एक त्या देशाच्या दिल्लीतल्या दूतावासाला.

## ५. मागणी एकच

एका पत्रात पाच मागण्या असल्या की अधिकारी सगळ्यात सोपी उचलतो, "चौकशीचे आदेश देण्यात आले आहेत" असे कळवतो आणि मोकळा होतो. आपली मागणी अशी हवी की ती झाली की नाही हे बाहेरून दिसेल. "न्याय द्या" हे दिसत नाही. "मंगळवारपर्यंत हाडांच्या डॉक्टरांना दाखवा" हे दिसते.

## ६. पत्र

पाऊण पान, स्वतःच्या अक्षरात. चेहरामोहरा अर्जाचाच ठेवा, कारण वाचणाऱ्याला तोच सवयीचा. खालचा नमुना ऊसतोड प्रकरणाचा आहे. कंसात आपापली माहिती भरायची.

> (स्वतःचे नाव, पूर्ण पत्ता, दिनांक)
>
> प्रति,
> मा. जिल्हाधिकारी तथा जिल्हादंडाधिकारी,
> कोल्हापूर
>
> विषय : ऊसतोड मजूर जोडपे व त्यांची दोन मुले यांना उचलीच्या कारणावरून अडवून ठेवल्याबाबत
>
> महोदय,
>
> मी राजारामपुरीत राहते व शिक्षिका आहे. सदर कुटुंबाशी माझे नाते नाही.
>
> (गाव), ता. करवीर येथील टोळीतील श्री. (नाव), वय २६, व सौ. (नाव), वय २३, मूळ रा. (गाव), जि. बीड, हे दि. (तारीख) पासून गावी परत जाऊ इच्छितात. उचल फिटलेली नाही असे सांगून मुकादमाने त्यांचा मोबाइल व आधारकार्डे काढून घेतली असून त्यांना जाऊ दिले जात नाही, असे त्यांच्या भावाने सांगितले आहे. भावाने दि. (तारीख) रोजी तहसील कार्यालयात अर्ज दिला आहे (आवक क्र. …). अद्याप पाहणी झालेली नाही.
>
> वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ नुसार ही जबाबदारी आपणाकडे आहे. तरी तहसीलदारांना दोन दिवसांत जागेवर पाठवून, मुकादम समोर नसताना, दोघांचे जबाब नोंदवून घ्यावेत, ही विनंती.
>
> केलेली कार्यवाही मला वरील पत्त्यावर कळवावी.
>
> आपली विश्वासू,
> (सही)

"माझे नाते नाही" हे वाक्य मुद्दाम आहे. जातीचा नाही, भावकीचा नाही, पक्षाचा नाही, तरी हा माणूस लिहितोय कशाला, असा प्रश्न वाचणाऱ्याला पडला पाहिजे. "मुकादम समोर नसताना" हेही तसेच. ते लिहिले नाही तर जबाब मुकादमाच्या जीपशेजारी होतात आणि "आम्ही खुशीने राहतोय" असे छापील उत्तर येते.

भाषा सभ्य ठेवा. आपल्याकडे रांगडे बोलणे हा आपुलकीचा भाग असतो, पण पत्रात "बघून घेऊ", "रस्त्यावर उतरू", "परिणामांना प्रशासन जबाबदार राहील" यातले काहीही नको. निवेदनातले ते शेवटचे वाक्य हाताला इतके वळण पडले आहे की ते आपोआप उमटते. खोडा. त्या वाक्यामुळे पत्र मानवाधिकाराच्या फाइलमधून निघून बंदोबस्ताच्या फाइलमध्ये जाते.

सावधान : पक्षाचे, मंडळाचे, तालमीचे लेटरहेड नको. निवडणूक जवळ असेल तर मुळीच नको.

## ७. बसून लिहायची संध्याकाळ

छापील पत्राच्या शंभर झेरॉक्स काढून सह्या घेणे सोपे आहे, आणि त्याचा उपयोगही तेवढाच होतो. टपाल शाखेतला कारकून सगळ्यात वरच्या पत्राला क्रमांक देतो, बाकीच्यांना टाचणी लावतो आणि "सोबत ९९" असे लिहितो. शंभर पत्रांची एक नोंद झाली. वेगळ्या अक्षरातले, वेगळ्या पत्त्याचे, वेगळ्या दिवशी आलेले पत्र असे टाचता येत नाही.

म्हणून मजकूर सांगू नका, माहितीचा कागद वाचून दाखवा आणि प्रत्येकाला आपल्या शब्दांत लिहू द्या. आमच्याकडे शनिवारी संध्याकाळी एका घराच्या सोप्यात बसतात. सत्तरीच्या एक आजी येतात. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंत, अक्षर मोठे आणि तिरके, एका ओळीत चारच शब्द मावतात. त्यांनी एकदा कारागृह अधीक्षकांना पोस्टकार्डावर एवढेच लिहिले: "त्या पोराला साखर आहे. त्याला रोज गोळी लागते. ती मिळते का ते मला कळवा. मी वाट बघते." आमच्या अकरा मुद्देसूद पत्रांपैकी एकालाही उत्तर आले नाही. आजींना आले.

माणसे बारा-पंधरा पुरतात. पत्र झाले की शेजाऱ्याने माहितीच्या कागदाशी नाव, तारीख आणि पत्ता ताडून बघायचे. पाकीट बंद करण्याआधी मोबाइलवर फोटो घ्यायचा, पत्राचा. माणसांचा नको.

## ८. टपाल

एकाच दिवशी सगळी पत्रे पेटीत टाकू नका. पंधरा पत्रे असतील तर रोज दोन-तीन जाऊ द्या. आठवडाभर रोज टपालात त्याच माणसाचे नाव दिसत राहिले पाहिजे.

त्यातली दोन पत्रे पोहोच मिळेल अशी पाठवा. जुने रजिस्टर एडी २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झाले. काउंटरवर "पोहोच हवी" असे स्पष्ट सांगा आणि पावतीवरचा क्रमांक लगेच वहीत उतरवा, कारण ती पातळ पावती महिनाभरात पांढरी पडते. बाकीची साध्या टपालाने, पोस्टकार्डेसुद्धा चालतील. पोस्टकार्डाची गंमत अशी की पोस्टमनपासून शिपायापर्यंत सगळे ते वाचतात. हवे तेव्हा हा गुण, नको तेव्हा दोष. पीडिताचे नाव गुप्त ठेवायचे असेल तर पाकीटच.

जिल्ह्यातल्या कार्यालयात एकाने हातोहातही द्यावे. दोन प्रती न्यायच्या आणि ओसीवर, म्हणजे आपल्याकडे राहणाऱ्या प्रतीवर, शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेऊनच बाहेर यायचे. "साहेबांच्या हातातच देतो" असे कुणी म्हणाले तर नम्रपणे आवकचा टेबल गाठा. साहेबांच्या हातात दिलेल्या कागदाला क्रमांक पडेलच असे नाही.

## ९. आतल्या माणसाला पत्र

वकील हो म्हणाला तर हेही करा. थोडक्यात: तुरुंगातले टपाल उघडून वाचले जाते हे धरून लिहायचे. खटल्याबद्दल, पोलिसांबद्दल, राजकारणाबद्दल एक शब्द नाही. पंचगंगेला पाणी किती चढले, पेठेच्या टीमने मॅच मारली की हरली, असे काहीही. पाकिटावर पूर्ण नाव, कच्चा कैदी असल्यास तसे आणि कैदी क्रमांक. पैसे, तिकिटे, फोटो आत घालू नका. उत्तराची अपेक्षा धरू नका. पत्र हातात पडले नाही तरी त्याच्या नावाने टपाल येते आहे हे आतल्या कर्मचाऱ्यांना दिसलेले असते.

## १०. वही आणि पाठपुरावा

दोनशे पानी वही घ्या. रकाने: तारीख, कोणी लिहिले, कोणाला, कसे पाठवले, पावती किंवा आवक क्रमांक, उत्तर. वही एकाच माणसाकडे. ग्रुपवर ठेवू म्हणाल तर चौथ्या दिवशी गुड मॉर्निंगखाली पुरली जाईल.

तीन आठवड्यांत उत्तर नसेल तर पुन्हा पत्र लिहायचे, पण तेच नाही. "माझे दि. अमुकचे पत्र, आपला आवक क्रमांक अमुक" अशी सुरुवात करून दोन ओळीत विचारायचे. तरीही शांतता असेल तर माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. "कार्यवाही का केली नाही" असे विचारू नका, 'का' ला उत्तर देत नाहीत. "आवक क्रमांक अमुक वरील टिपणी व पत्रव्यवहाराच्या प्रती मिळाव्यात" असे मागा. मुदत तीस दिवस. मात्र माहिती एखाद्याच्या जिवाशी किंवा स्वातंत्र्याशी निगडित असेल तर कलम ७(१) प्रमाणे ४८ तास. अर्जाच्या माथ्यावर हे मोठ्या अक्षरात लिहायचे. शक्यतो अर्ज कुटुंबातल्या माणसाच्या नावाने करा. तिऱ्हाइताने मागितली की 'वैयक्तिक माहिती' म्हणून नाकारायला सोपे जाते.

किती दिवस चालवायचे? पश्चिम बंगालमधल्या विधी सेवा संस्थेचे डी. के. बसू यांनी कोठडीतल्या मृत्यूंबद्दल सरन्यायाधीशांना लिहिलेले पत्र २६ ऑगस्ट १९८६ चे. त्यावरचा, अटक कशी करावी याचे अकरा निर्देश देणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १८ डिसेंबर १९९६ चा. म्हणून पहिल्याच बैठकीत तीन महिन्यांनंतरची एक तारीख ठरवा, त्या दिवशी कुटुंबासोबत बसा आणि पुढे चालवायचे का ते त्यांना विचारा. मध्येच स्थिती बदलली, बदली झाली, जामीन झाला, तर त्याच दिवशी सगळ्यांना फोन: लिहिलेली पण न टाकलेली पत्रे फाडा.

मागितलेली गोष्ट झाली, तर त्या अधिकाऱ्याला दोन ओळींचे पत्र लिहा: अमुक तारखेला पाहणी झाली, कळले. हे पत्रही आवकला द्या आणि ओसी घ्या. उद्या कुणी "अशी पाहणी झालीच नाही" म्हणाले तर ते कामाला येते.

मोहीम संपली की वहीच्या झेरॉक्स, पावत्या, शिक्के मारलेल्या ओसी, आलेली उत्तरे, सगळे तारखेनुसार एका फाइलला लावून ती फाइल कुटुंबाच्या हातात द्या. गटातले लोक पांगतात, वकील बदलतो. फाइल घरात, रेशनकार्ड ठेवतात त्या पिशवीत राहिलेली बरी.